सृष्टीची पंगत व गिधाडाचें स्थान

(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठीं पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता १०४, लेवीय ११ : १३–१९, निर्गम १९ : १–६, मीखा १ : १६, प्रेषितांचीं कृत्यें १० : ९–२८.

पाठाचा हेतु : देवानें निर्माण केलेले जीव अन्नासाठीं एकमेकांवर कसे अवलंबून आहेत, आणि त्यांपैकीं एक तुच्छ मानिलेला जीव नाहींसा झाल्यानें मनुष्यांचें केवढें नुकसान झालें, हें समजून घेणें.



आपलें अन्न देवाच्या हातून येतें, असें आपण प्रत्येक जेवणापूर्वीं प्रार्थनेंत कबूल करितों. परंतु तें अन्न कोणकोणत्या जीवांच्या श्रमानें आपल्या ताटापर्यंत पोहोंचतें, आणि जें मेलें, सडलें वा उरलें तें पुढें कोणाच्या मुखीं जातें, याचा विचार आपण क्वचितच करितों. स्तोत्रकर्त्यानें तो विचार केला आहे. एकशें चौथ्या स्तोत्रांत त्यानें गुरांसाठीं उगवणारें गवत, मनुष्याची भाकर, पक्ष्यांचीं घरटीं आणि रात्रीं भक्ष्याच्या शोधांत निघणारे सिंह या सर्वांचा एकापुढें एक उल्लेख केला आहे. हे सारे जीव एकाच दात्याच्या हाताकडे पाहून आहेत, हें त्यास दाखवावयाचें होतें. हें स्तोत्र लिहिणारा शाळेंतील शास्त्रविषय शिकला नव्हता. तरी आपल्या शिवारांत जें रोज घडतें, तेंच त्यानें आपल्या देशांत पाहिलें होतें.

१. अन्न उत्पन्न करणारा कोण?

शेतकरी अन्न पिकवितो असें आपण म्हणतों. खरें पाहतां शेतकरी जमीन नांगरितो, बीं पेरितो, पाणी देतो व पिकाची राखण करितो. अन्न तयार करण्याचें काम हिरवें पान करितें. ज्वारीचें पान हवेंतील कर्बवायु घेतें, मुळ्यांनीं ओढलेलें पाणी घेतें, आणि सूर्यप्रकाशाच्या बळानें त्या दोहोंपासून साखर बनवितें. त्याच साखरेपासून पुढें धाट, कणीस व दाणा तयार होतो. हें काम कोणत्याही पशूस, पक्ष्यास किंवा मनुष्यास साधत नाहीं. श्रीमंताच्या घरचें पक्वान्न असो कीं मजुराची कोरडी भाकर असो, दोन्हींचें मूळ हिरव्या पानांतच आहे. जो मांस खातो तोही अखेर पाल्यावरच जगतो. कारण ज्या बकऱ्याचें मांस त्याच्या ताटांत आलें, तें बकरें बाभळीच्या शेंगा व बोरीचा पाला खाऊनच वाढलें.

२. एकाचें जीवन, दुसऱ्याचें अन्न

पावसाळ्यांतील शेताकडे पाहा. नाकतोडा पान खातो. नाकतोड्यास बेडूक गिळतो. बेडकास साप धरितो. सापास मोर किंवा सर्पगरुड मारितो. या क्रमास विद्वान लोक अन्नसांखळी असें नांव देतात. चार्लस एल्टन नांवाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें इ. स. १९२७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ही कल्पना स्पष्टपणें मांडिली. तरी शिवारांत अशी एकच सरळ सांखळी नसते. बेडकास बगळाही खातो, सापास मुंगूसही मारितें, आणि उंदीर दाणे खातो तर त्या उंदरास धामण, घुबड व मांजर हीं तिन्हीं खातात. म्हणून अनेक सांखळ्या एकमेकींत गुंतून कोळ्याच्या जाळ्यासारखें एक जाळें तयार झालें आहे, असें समजावें.

या जाळ्यांत एक हिशेब आहे. नाकतोडा जेवढें खातो तेवढें सगळें त्याच्या अंगीं लागत नाहीं. बहुतेक भाग उड्या मारण्यांत, श्वास घेण्यांत व विष्ठेंत जातो. सुमारें दहावा भाग मात्र शरीर बनून पुढच्या जीवास मिळतो. हाच हिशेब प्रत्येक पायरीवर चालतो. म्हणून गवताच्या काड्या असंख्य, नाकतोडे हजारों, बेडूक शेंकडों, आणि साप मात्र थोडे. वाघ विरळ कां असतो, याचेंही एक मोठें कारण हेंच आहे. त्याच्या एका घांसामागें पुष्कळ हरणें व त्या हरणांमागें गवताचें मोठें रान असावें लागतें. रान गेलें तर वाघास कोणी गोळी घातली नाहीं तरी तो जगत नाहीं.

जाळ्याची एक दोरी तुटली म्हणजे काय होतें, हें शेतकऱ्यास सांगावें लागूं नये. धामण दिसली कीं लोक काठी घेऊन धांवतात. वास्तविक तिला विष नाहीं, आणि ती उंदरांची मोठी वैरीण आहे. धामणी मारिल्या कीं उंदीर माजतात व कणगींतील धान्य खातात. बेडकांचेंही असेंच आहे. एके काळीं भारतांतून बेडकांचे पाय परदेशीं खाण्यासाठीं मोठ्या प्रमाणावर पाठविले जात, आणि त्याकरितां भातखाचरांतून असंख्य बेडूक धरिले जात. बेडूक पिकांवरील किडे खातो, म्हणजे तो शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच आहे. अखेर इ. स. १९८७ मध्यें सरकारनें ही निर्यात बंद केली.

येथें कोणी प्रामाणिकपणें विचारील कीं, दयाळू देवाच्या सृष्टींत एका जीवानें दुसऱ्यास मारून खावें हें कसें? हा प्रश्न उपदेशकानें टाळूं नये. पवित्र शास्त्र या गोष्टीवर पांघरूण घालीत नाहीं. स्तोत्रकर्ता सिंहाचें भक्ष्यही देवाच्याच हातचें मानितो. दुसऱ्या बाजूस प्रेषित पौल रोमकरांस लिहितांना आठव्या अध्यायांत सारी सृष्टि वेदना सोशीत आहे असें सांगतो, आणि यशया अकराव्या अध्यायांत जेथें कोणी कोणाचा नाश करीत नाहीं अशा दिवसाची आशा दाखवितो. या तिन्ही गोष्टी आपण धरून ठेवाव्या. तो दिवस येईपर्यंत ज्या व्यवस्थेनें देव आपल्या प्राण्यांस पोशीत आहे, ती व्यवस्था आपल्या अविचारानें मोडूं नये, एवढें कर्तव्य आपणांस स्पष्ट आहे.

३. पंगत उठल्यावर पत्रावळी कोण उचलतो?

लग्नाच्या घरीं पंगतीस शंभर माणसें जेवून उठतात. वाढणाऱ्यांची सर्व वाहवा करितात. परंतु उष्ट्या पत्रावळी उचलणारा कोणी नसेल, तर दुसरी पंगत बसणार कोठें? सृष्टीच्या पंगतींतही पत्रावळी उचलणारे आहेत. शेणकिडा शेण जमिनींत नेतो. वाळवी वाळलेलें लांकूड खाते. गांडूळ कुजका पाला मातींत मिसळतें. बुरशी व डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु उरलेल्या सर्वांची पुन्हां माती करितात, आणि त्याच मातींतून ज्वारीचें मूळ आपला आहार घेतें. अशा रीतीनें सांखळीचें शेवटचें टोंक पहिल्या टोंकास येऊन मिळतें.

या कामकऱ्यांत सर्वांत मोठा गिधाड होय. लोकांनीं त्यास कुरूप व अभद्र ठरविलें, आणि लोभी मनुष्यास त्याचें नांव शिवीसारखें दिलें. परंतु त्याची घडण नीट पाहिली असतां निर्माणकर्त्याची योजना दिसून येते. त्याच्या मानेवर व डोक्यावर पिसें जवळ जवळ नसतात. त्यामुळें मेलेल्या जनावराच्या पोटांत डोकें घातलें तरी रक्त व घाण पिसांस चिकटून राहत नाहीं. त्याच्या पंजांत शिकार धरण्याचें बळ नाहीं. आपलीं गिधाडें जिवंत गुरांवर हल्ला करून पोट भरीत नाहींत. त्यांचे रुंद पंख उन्हानें तापून वर चढणाऱ्या हवेवर तासन् तास तरंगतात. एक गिधाड खालीं उतरलें कीं दूरचें दुसरें तें पाहून वळतें, दुसऱ्यास पाहून तिसरें, आणि थोड्याच वेळांत सारा थवा जमतो. त्यांच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं, सडक्या मांसांतील बहुतेक रोगजंतु तेथेंच मरतात. मोठा थवा एका मेलेल्या बैलाचें मांस तासाभराच्या आंत संपवून केवळ हाडें ठेवितो.

आपल्या देशांत या कामाचें महत्त्व फारच मोठें आहे. इ. स. २०१९ च्या पशुगणनेंत भारतांतील पशुधन ५३ कोटींहून अधिक भरलें. बैल, गाय किंवा म्हैस मेली म्हणजे तिचें कातडें काढून धड गांवाबाहेर टाकण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. खेड्यांत तें धड पुरण्यासाठीं किंवा जाळण्यासाठीं कोणी खर्च करीत नसे. तें काम गिधाडें फुकट करीत. मुंबईस मलबार टेंकडीवर पारशी लोकांच्या दखम्यांतही, त्यांच्या धर्मविधीप्रमाणें, हेंच काम गिधाडांकडे होतें.

४. गिधाडें कोठें गेलीं?

सुमारें १९८० सालापर्यंत भारतांत गिधाडें इतकीं होतीं कीं, त्यांची मोजदाद करण्याची गरज कोणास वाटली नाहीं. पुढें राजस्थानांत भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांच्या ध्यानांत आलें कीं, गिधाडें झपाट्यानें कमी होत आहेत. झाडांवर मान खालीं टाकून बसलेलीं आजारी गिधाडें आढळूं लागलीं, व घरट्यांतच मेलेलीं सांपडूं लागलीं. मग देशांत ठिकठिकाणीं रस्त्यांच्या कडेनें गणना करण्यांत आली. तिचा निष्कर्ष भयंकर होता. इ. स. १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक या प्रमाणांत उरलीं. लांब चोचीचीं व बारीक चोचीचीं गिधाडें शंभरांतून सुमारें सत्त्याण्णव नाहींशीं झालीं. एवढ्या मोठ्या संख्येंत असलेला पक्षी इतक्या थोड्या वर्षांत असा नष्ट झाल्याचीं उदाहरणें जगांत फार थोडीं आहेत.

ही हानि लवकर भरून निघणारी नव्हती. गिधाडाची मादी वर्षांत एकच अंडें घालते, आणि पिलूं वाढून स्वतः अंडीं घालण्याजोगें होण्यास चार ते पांच वर्षें लागतात. कोंबडीचा खुराडा एका वर्षांत पुन्हां भरतो. गिधाडाचा कडा एकदां ओस पडला कीं पिढीभर ओसच राहतो.

५. कारण कसें सांपडलें?

प्रथम विद्वानांस वाटलें कीं हा एखादा सांथीचा रोग असावा. पुष्कळ शोध केला, परंतु रोगजंतु सांपडेना. मेलेल्या गिधाडांचें पोट चिरून पाहिलें असतां यकृतावर व हृदयावर खडूसारखा पांढरा थर आढळे; म्हणजे मूत्रपिंडें बंद पडून शरीरांतील मल आंतच साचलेला असे. मूत्रपिंडें बंद कां पडलीं, हें मात्र कळेना. पाकिस्तानांत काम करणारे अमेरिकन पशुवैद्य लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २००३ मध्यें याचा उलगडा केला व २००४ सालीं तो प्रसिद्ध झाला. गिधाडांचें खाद्य म्हणजे मेलेलीं गुरें. तेव्हां त्या गुरांस कोणतें औषध दिलें जात होतें याची त्यांनीं चौकशी केली. त्यावरून डायक्लोफेनॅक हें नांव पुढें आलें.

हें औषध मनुष्यांस अंगदुखी व सांधेदुखीवर देतात. सुमारें १९९० नंतर तें स्वस्त झालें आणि जनावरांसाठींही विकलें जाऊं लागलें. लंगडणारा बैल, कास सुजलेली गाय किंवा ताप भरलेली म्हैस यांस तें टोंचलें कीं वेदना कमी होत. जनावरास त्यापासून अपाय दिसत नसे. परंतु टोंचल्यानंतर दोन दिवसांच्या आंत तें जनावर दुसऱ्या कारणानें मेलें, तर औषधाचा अंश त्याच्या यकृतांत व मूत्रपिंडांत राहून जाई. आणि तें मांस खाणारें गिधाड थोड्याच दिवसांत मरे. पुढें हिशेबानें असें सिद्ध झालें कीं, गिधाडांचा एवढा नाश होण्यास शंभर मृत जनावरांपैकीं एकाहून कमी जनावर विषारी असलें तरी पुरेसें होतें. कारण एका धडावर सारा थवा जेवतो. भारतांत २००४ व २००५ सालीं मेलेल्या गुरांचे नमुने तपासले, तेव्हां सुमारें दहांपैकीं एकांत हें औषध आढळलें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. या नाशाच्या मुळाशीं कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. ज्या शेतकऱ्यानें आपल्या म्हाताऱ्या बैलाचें दुःख पाहून पदरचे पैसे खर्च केले, त्यानें दयेचेंच काम केलें. परंतु बैलाच्या पलीकडे त्याच बैलावर अवलंबून असणारा आणखी एक जीव आहे, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं. दया करावी, परंतु ती करितांना आपल्या कृतीची दोरी कोठवर जाते हेंही पाहावें. ज्ञानावांचून केलेली दया कधीं कधीं दुसऱ्याच्या घरीं मरण होऊन जाते.

६. पंगत मोडली म्हणजे काय होतें?

गिधाडें गेलीं, पण मेलेलीं गुरें पडतच राहिलीं. धडें दिवसेंदिवस कुजत पडूं लागलीं. त्यांवर कुत्रीं व उंदीर पोसूं लागले. कुत्र्याचें पोट गिधाडासारखें नाहीं. आणि कुत्रें गांवांत, घरांत व लेंकरांच्या अंगणांत फिरतें. इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असा अंदाज केला आहे कीं, या काळांत भारतांतील कुत्र्यांची संख्या निदान ५५ लक्षांनीं वाढली, आणि १९९२ ते २००६ पर्यंत पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्यानें नेहमींपेक्षां ४७ हजारांहून अधिक माणसें दगावलीं.

पुढें एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनीं जुन्या नोंदी जिल्ह्याजिल्ह्यानें तपासल्या. जेथें पूर्वीं गिधाडें पुष्कळ होतीं ते जिल्हे, व जेथें तीं मुळांतच थोडीं होतीं ते जिल्हे, यांची त्यांनीं तुलना केली. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, गिधाडें गेल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत मनुष्यांचें मृत्युप्रमाण शेंकडा चारांहून अधिक वाढलें. आणि २००० ते २००५ या काळांत वर्षास सुमारें एक लक्ष माणसें अधिक मेलीं. त्या जिल्ह्यांत कुत्रा चावल्यावर टोंचावयाच्या लसीची विक्री वाढली व पाण्याचा दर्जा खालावला, असेंही त्यांस आढळलें.

हीं मरणें कोणाच्या घरीं झालीं असतील, याचा विचार करावा. ज्यांच्या घरीं नळाचें शुद्ध पाणी आहे व दाराशीं मोटार उभी आहे, त्यांस या हानीची झळ थोडी लागते. जो ओढ्याचें पाणी पितो, अनवाणी शेतांत जातो, आणि ज्याचें लेंकरूं कुत्रा चावल्यावर दवाखान्यांत पोहोंचण्यापूर्वीं अर्धा दिवस जातो, त्याच्यावर ती अधिक पडते. सृष्टीची व्यवस्था मोडली म्हणजे पहिला दंड बहुधा गरिबासच भरावा लागतो.

७. पवित्र शास्त्र काय शिकवितें?

लेवीयाच्या अकराव्या अध्यायांत जे पक्षी इस्राएलानें खाऊं नयेत त्यांची यादी आहे. त्यांतील पहिलें इब्री नांव नेशेर असें आहे. मराठींत त्याचें भाषांतर गरुड असें होत आलें आहे. परंतु पुष्कळ विद्वानांच्या मतें तें नांव मोठ्या गिधाडास लागू पडतें. मीखा संदेष्टा पहिल्या अध्यायाच्या शेवटीं याच पक्ष्याच्या टकलाचा उल्लेख करितो. आणि टक्कल गरुडास नसतें, गिधाडास असतें. पालेस्टाईन देशांत आढळणारें तें मोठें गिधाड आपल्या पांढऱ्या पाठीच्या व लांब चोचीच्या गिधाडांचेंच जवळचें भावंड आहे.

आतां दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, नियमशास्त्रानें हा पक्षी खाण्यास मना केली. त्यास मारून टाकावें असें सांगितलें नाहीं. जो पक्षी मेलेल्यांवर जगतो त्याचें मांस मनुष्यानें खाऊं नये, आणि त्यास त्याचें काम करूं द्यावें, असें त्या नियमाचें फळ होतें. दुसरी गोष्ट याहून आश्चर्याची आहे. निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायांत देव आपल्या लोकांस मिसर देशांतून कसें वाहून आणिलें हें सांगतो, तेव्हां जे पंख तो दृष्टांतादाखल घेतो, ते याच नेशेराचे आहेत. जो पक्षी मनुष्यानें ताटांत घेऊं नये, त्याच पक्ष्याच्या पंखांची उपमा देवानें आपल्या प्रीतीस दिली. मनुष्यानें लावलेली तुच्छतेची मोजपट्टी देवाची नव्हे, हें यावरून उघड होतें.

आपल्या पुष्कळ मंडळ्यांस हा मुद्दा नुसता पुस्तकी वाटणार नाहीं. मेलेलें ढोर ओढून नेण्याचें काम आपल्या देशांत कांहीं जातींवर जन्मानें लादलें गेलें, आणि ज्यांनीं सारें गांव स्वच्छ ठेविलें त्यांसच गांवानें अस्पृश्य म्हटलें. मार्च १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं मृतमांस सोडून देण्याचा व स्वाभिमानानें जगण्याचा उपदेश केला, तो योग्यच होता. गिधाडाचें काम त्याच्या जातीचें अन्न आहे व निर्माणकर्त्यानें त्याला त्यासाठीं घडविलें आहे. मनुष्यास मात्र कोणत्याही हलक्या कामासाठीं जन्मतःच बांधून ठेवण्याचा अधिकार कोणासही दिलेला नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांतील दहाव्या अध्यायांत पेत्रानें आपल्या दर्शनाचा अर्थ स्वतःच सांगितला आहे, आणि तो मनुष्यांविषयीं आहे. तरी एक खूण दोन्हीं ठिकाणीं सारखी दिसते : जो इतरांची घाण काढितो त्यासच जग घाणेरडा म्हणतें. तो गेला म्हणजे घाण कोणाची होती हें जगास कळतें.

८. आपण काय करावें?

सरकारनें इ. स. २००६ मध्यें जनावरांसाठीं डायक्लोफेनॅक बनविण्यास बंदी केली. तरीही मनुष्यांसाठीं असलेल्या मोठ्या कुप्यांतून तें गुरांस टोंचलें जात राहिलें, म्हणून २०१५ सालीं या औषधाची टोंचण्याची कुपी तीन मिलिलिटरांहून मोठी असूं नये असा नियम झाला. पुढें किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवर २०२३ सालीं, आणि निमेसुलाइडवर २०२४ सालच्या अखेरीस, जनावरांपुरती बंदी आली. कारण हींही गिधाडांस घातक ठरलीं. हरियाणांत पिंजोर येथें २००४ सालापासून गिधाडांची पैदास करण्याचें केंद्र चालविलें जात आहे. आपल्या महाराष्ट्रांत नाशिक जिल्ह्यांतील अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीचीं गिधाडें घरटीं करितात, आणि रायगड जिल्ह्याच्या म्हसळा तालुक्यांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें राखण्याचा प्रयत्न झाला आहे. बंदीनंतर नाशाचा वेग मंदावला. पण पूर्वींचे थवे परत आलेले नाहींत.

कायदा राजधानींत होतो, परंतु सुई गोठ्यांत टोंचली जाते. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक मंडळींत समजावून सांगाव्या :

(१) गुरास वेदनेवर औषध देण्यापूर्वीं पशुवैद्यास त्याचें नांव विचारावें. मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस निर्धोक ठरलेलें औषध आहे. तें चालेल काय असें स्पष्ट विचारावें.

(२) मनुष्यासाठीं आणलेलें औषध, मग तें घरांत उरलेलें असो कीं दुकानांतून आणलेलें असो, आपल्या मनानें जनावरास टोंचूं नये.

(३) औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलें, तर तें उघड्यावर टाकूं नये; खोल पुरावें. रोगानें मेलेल्या जनावराविषयींही तसेंच करावें.

(४) कड्यावर किंवा उंच झाडावर गिधाडाचें घरटें असेल तर झाड तोडूं नये व मुलांस दगड मारूं देऊं नये. वनखात्याच्या मनुष्यास त्याची खबर द्यावी.

(५) कुत्रा चावला तर जखम लागलीच साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी. हळद, मिरची किंवा चुना लावून वाट पाहूं नये; रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय बहुधा चालत नाहीं.

(६) धामण, घुबड, बेडूक व वटवाघूळ यांस अपशकुनी किंवा घाणेरडे समजून मारूं नये. आपल्या शिवारांत तें कोणतें काम करितें, हें आधीं विचारावें.

वर्गासाठीं प्रश्न

१. हिरवें पान कोणतें काम करितें, जें मनुष्यास करितां येत नाहीं?

२. आपल्या गांवच्या शेतांतील अथवा ओढ्यांतील एक अन्नसांखळी क्रमानें सांगा. तींतील एक जीव काढून टाकिला तर काय होईल?

३. वाघ थोडे व हरणें पुष्कळ, असें कां?

४. गिधाडांच्या नाशाचें कारण शोधण्यास इतकीं वर्षें कां लागलीं असावीं?

५. चांगल्या हेतूनें केलेल्या कामापासून दुसऱ्याची हानि झाल्याचें आणखी उदाहरण द्या. ती टाळण्यासाठीं आधीं काय विचारावयास हवें होतें?

६. लेवीय ११ : १३ व निर्गम १९ : ४ हीं वचनें जोडीनें वाचा. देव ज्याचा उपयोग करितो त्याजविषयीं आपली वृत्ति कशी असावी?

७. आपल्या गांवांत पूर्वीं गिधाडें कोठें बसत असत, हें वृद्धांस विचारून पुढील आठवड्यांत वर्गास सांगा.

उपदेशकांस सूचना : सातव्या प्रश्नास पुरेसा वेळ द्यावा. वृद्ध मंडळी जीं स्थळें सांगतील तीं एका वहींत लिहून ठेवावीं. जेथें गिधाडें अजून दिसतात तेथील नोंद वनखात्यास उपयोगी पडेल.

प्रार्थनेचा विषय : ज्या जीवांकडून आपली नकळत सेवा होते त्यांबद्दल देवाचे उपकार मानावे, आपल्या गोठ्यांत व शेतांत आपला हात ज्ञानानें चालावा म्हणून मागणें करावें, आणि ज्या घरांतील लेंकरें पिसाळलेल्या कुत्र्यामुळें दगावलीं, त्या घरांची आठवण करावी.